गोड्या पाण्याचं शहर

अलेक्झांड्रियाला माणूस जे बघायला जातो, त्यातलं बहुतेक तिथे उरलेलं नाही. दीपस्तंभ पडला. ग्रंथालय गेलं. सिकंदराची कबर कुठे होती ते कुणाला सांगता येत नाही. क्लिओपात्राच्या राजवाड्याचा परिसर पूर्वेकडच्या बंदरात पाण्याखाली आहे. तिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, पण तिच्याही चौदाशे वर्षं आधी तिसऱ्या थुटमोसने घडवून घेतलेल्या दोन उंच शिळांपैकी एक लंडनला टेम्सच्या काठी उभी आहे आणि दुसरी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात. कैरोहून एका दिवसापुरते आलेले लोक किल्ला, खांब, नवं ग्रंथालय बघून संध्याकाळच्या गाडीने परत जातात. "काही विशेष नाही हो," असं मी त्यांच्यापैकी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे. मला ते ऐकून वाईट वाटतं. या शहराने जे सगळ्यात मोठं काम केलं ते जमिनीखाली आहे, आणि ते काम म्हणजे पिण्याचं पाणी.

नकाशा समोर घेतला की पटकन कळतं. उत्तरेला भूमध्य समुद्र, दक्षिणेला मारिओतिस सरोवर, आणि मधे चुनखडकाची अरुंद पट्टी. इ.स.पूर्व 331 मध्ये सिकंदराने या पट्टीवर शहर आखायला सांगितलं. खुणा करायला खडू नव्हता, म्हणून जवाचं पीठ घेऊन रेषा ओढल्या, आणि पक्ष्यांचे थवे येऊन ते पीठ खाऊन गेले, अशी गोष्ट प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने सांगितली आहे. ज्योतिष्यांनी त्याचा अर्थ लावला: हे शहर अनेक देशांना पोसेल. जागा बंदराला सोन्यासारखी होती. समोर फारोस बेट, त्याला जोडणारा बांध घातला की दोन्ही बाजूंना दोन बंदरं तयार. फक्त एक गोष्ट नव्हती. नाईल शहरातून वाहत नव्हती. तिचा सगळ्यात पश्चिमेकडचा फाटा पूर्वेला बराच लांब होता. लाखो माणसांचं शहर वसवायचं तर तिथून कालवा खणून आणणं भाग होतं, आणि तो खणला गेला.

पुढची युक्ती त्याहून मोठी आहे. नाईलला पूर यायचा वर्षातून एकदाच, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला. त्या दिवसांत कालवा भरून वाहायचा. तेवढ्या आठवड्यांत वर्षभराचं पाणी साठवून ठेवायचं होतं. म्हणून घराघराखाली, मंदिरांखाली, पुढे मशिदींखाली खडकात टाक्या कोरल्या गेल्या, त्या भुयारी पाटांनी एकमेकींना जोडल्या गेल्या. पूर आला की पाणी आत घ्यायचं, गाळ खाली बसू द्यायचा, आणि मग वर्षभर पोहऱ्याने शेंदत राहायचं. ज्यांना टाकी परवडत नसे ते थेट पाटाचं गढूळ पाणी पीत आणि आजारी पडत. इ.स.पूर्व 48–47 च्या हिवाळ्यात ज्युलियस सीझर इथे राजवाड्याच्या भागात वेढला गेला, तेव्हा वेढा घालणाऱ्या इजिप्ती सैन्याचा प्रमुख गानिमेडीस याने हीच दुखरी नस पकडली. पाट अडवले आणि चाकं लावून समुद्राचं पाणी वर उपसून सीझरच्या बाजूला सोडलं. टाक्या खारट होऊ लागल्या. सैनिक हादरले. किनाऱ्यावर कुठेही खणलं तरी गोड्या पाण्याचे झरे असतातच, असं सांगून सीझरने सगळ्यांना रात्रभर विहिरी खणायला लावल्या, आणि पाणी लागलं. जगाच्या इतिहासातली एवढी गाजलेली लढाई त्या रात्री चार-दोन विहिरींवर तोलून धरलेली होती.

मग मी त्या प्रसिद्ध खांबापाशी गेले. 'पॉम्पीचा खांब' म्हणतात, पण पॉम्पी या रोमन सेनापतीचा त्याच्याशी काही संबंध नाही. तो रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या सन्मानार्थ, इ.स. 300 च्या आसपास उभारलेला. तांबड्या ग्रॅनाइटचा, बैठक आणि माथा धरून जवळजवळ 27 मीटर उंच. मधला वीसेक मीटरचा दांडा एकाच दगडाचा आहे. हा दगड अस्वानचा, म्हणजे नाईलमार्गे हजारएक किलोमीटर प्रवास करून आलेला. खाली उभं राहून मान मागे टाकून वर पाहिलं की त्या काळच्या नावाड्यांबद्दल आणि दोरखंड ओढणाऱ्यांबद्दल मनात आदर दाटून येतो. पण माझ्या मनात जी गोष्ट घर करून राहिली ती वेगळी. हा खांब उभा राहण्याच्या थोडंच आधी अलेक्झांड्रियाने बंड केलं होतं. डायोक्लेशियनने स्वतः येऊन शहराला आठ महिने वेढा घातला, आणि नाईलचं पाणी आणणारे पाट तोडले. शहर तहानेने आणि उपासमारीने वाकलं. त्यानंतर त्याच माणसाच्या नावाने, 'शहराचा रक्षक' म्हणून, हा खांब. पर्यटकांच्या माहितीफलकांवर उंची असते, वजन असतं. ते आठ महिने मात्र मला कुठल्या फलकावर दिसले नाहीत.

खांब ज्या टेकाडावर आहे तिथे पूर्वी सेरापिस देवाचं भव्य मंदिर होतं. आता चौथऱ्याचे अवशेष, दोन स्फिंक्स, खडकातली भुयारं, आणि नाईलची पातळी मोजण्याचा कूप. बहुतेक लोक त्या कूपाकडे वळूनही बघत नाहीत. मी मात्र तिथेच सगळ्यात जास्त वेळ थांबले. पुराचं माप घेण्याची काठी या मंदिरात ठेवलेली असे, आणि पूर येतो तो सेरापिसच्या कृपेने अशी लोकांची श्रद्धा होती. इ.स. 391 मध्ये ख्रिस्ती जमावाने मंदिर पाडलं, तेव्हा शहरातल्या अनेकांना एकच धास्ती पडली: आता नाईलला पूर येणार नाही. त्या वर्षी पूर आला, आणि जोरात आला. धर्म बदलला, मापाची काठी चर्चमध्ये गेली, पण टाक्या भरण्याचा हंगाम तोच राहिला. पुढे अरब आले, मामलुक आले, त्यांनीही तेच कालवे उपसले आणि त्याच टाक्या वापरल्या.

तिथून चालत जाण्याच्या अंतरावर कोम अल-शुकाफाची भुयारी दफनभूमी आहे. 1900 साली एक गाढव जमिनीतल्या भोकात पडलं आणि तिचा पत्ता लागला. गोल विहिरीसारखा कूप, त्याभोवती फिरत उतरणारा जिना. शव दोरांनी मधल्या पोकळीतून खाली सोडत. इ.स. दुसऱ्या शतकातली ही जागा बघून या शहरातले लोक स्वतःला काय समजत असतील याचा अंदाज येतो. मुख्य दालनाच्या दाराशी कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस उभा आहे, इजिप्तचा जुना मृत्युदेव, पण अंगात रोमन शिपायाचं चिलखत. बाजूला ग्रीक मेड्युसाचं तोंड. नातेवाईक वर्षश्राद्धासारखे इथे उतरत आणि दगडी बैठकांवर बसून मृतांच्या आठवणीत जेवत. सगळ्यात खालचा, तिसरा मजला कित्येक दशकं पाण्यात बुडालेला होता. आजूबाजूची वस्ती वाढली, सांडपाणी आणि पाझर वाढला, भूजल वर चढलं. 2019 मध्ये ते उपसून खाली आणण्याचं काम पूर्ण झालं. मी गेले तेव्हा भिंतींवर ओलीच्या रेषा दिसत होत्या. ज्या शहराने हजार वर्षं पाण्यासाठी खडक कोरला, तिथे आता खडकातून पाणी बाहेर काढावं लागतं.

दीपस्तंभाबद्दल मी थोडकंच लिहीन, कारण त्याच्याबद्दल सगळेच लिहितात. इजिप्तचा ग्रीक वंशाचा राजा दुसरा टॉलेमी याच्या काळात, इ.स.पूर्व 280 च्या सुमाराला तो पूर्ण झाला, शंभर मीटरहून उंच होता, आणि 1303 च्या मोठ्या भूकंपाने त्याचं कंबरडं मोडलं. अरबी प्रवासी इब्न बतूता 1326 मध्ये आला तेव्हा त्याची एक बाजू ढासळलेली होती, 1349 मध्ये पुन्हा आला तेव्हा आत शिरणंही शक्य नव्हतं. 1477 ते 1479 मध्ये सुलतान कायतबेने त्याच जागी किल्ला बांधला, पडलेले दगड वापरून. समुद्रात गेलेले दगड 1990 च्या दशकात पाणबुड्यांनी शोधून काढले. किल्ल्याच्या तटावर उभं राहिलं की वारा इतका लागतो की बोलणं ऐकू येत नाही. खाली सिमेंटचे ठोकळे रचले आहेत, लाटांनी पाया खाऊ नये म्हणून. किल्ल्यामागच्या अनफुशी भागात अजून लाकडी होड्या बांधतात. त्या होड्यांच्या सांगाड्यांमधून मी बराच वेळ फिरले, आणि मग जवळच्या खाणावळीत गव्हाच्या कोंड्यात घोळवून निखाऱ्यावर भाजलेला मासा खाल्ला. कातडी काळी होते, आतला मासा ओलसर राहतो. कोकणातल्या माणसाला तो नक्की आवडेल.

कोकणाचं नाव उगाच घेतलेलं नाही. आपला किनारा आणि हे शहर एकाच व्यापाराच्या दोन टोकांना होते. भूमध्य समुद्राकाठची दारू, पोवळं, काचसामान अलेक्झांड्रियात गोळा व्हायचं, कालव्याने नाईलला लागायचं, प्रवाहाविरुद्ध वर कोप्तोसपर्यंत जायचं, तिथून उंटांवर वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके किंवा म्योस होर्मोस या बंदरांना पोहोचायचं, आणि मग नैऋत्य मोसमी वाऱ्यावर थेट हिंदुस्थानात. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो की त्याच्या काळी एकट्या म्योस होर्मोसहून वर्षाला 120 जहाजं इकडे येत. इ.स. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याच्या 'पेरिप्लस' या सागरी वाटाड्यात भडोच, सोपारा, कल्याण, चौल आहेत, घाटावरची पैठण आणि तेरही आहेत. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर दान देणाऱ्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, नावं कोरलेली आहेत. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकाडात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती सापडली, ती तिथल्या टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. आणि अलेक्झांड्रियाच्या नाट्यगृहात बसलेल्या प्रेक्षकांमध्ये थोडे हिंदी लोकही दिसतात, असं ग्रीक वक्ता डिओ ख्रिसोस्टोम त्या शहराला उद्देशून केलेल्या भाषणात म्हणतो. ते हिंदी लोक कुठून आले असतील? भडोचहून, केरळच्या किनाऱ्यावरून, की सोपाऱ्याहून? मी त्यांचा विचार फार करते.

त्याच्याही आधीचा एक धागा आहे. सम्राट अशोकाने तेराव्या शिलालेखात ज्या परदेशी राजांची नावं घेतली, त्यातला 'तुरमय' म्हणजे दुसरा टॉलेमी, ज्याच्या काळात दीपस्तंभ पूर्ण झाला तोच. अशोकाच्या दुसऱ्या लेखात रस्त्यांच्या कडेने माणसांसाठी आणि जनावरांसाठी विहिरी खणवल्याचं म्हटलं आहे. सोपाऱ्याला आपल्याकडे त्याच मालिकेतल्या आठव्या लेखाचा तुकडा सापडला 1882 मध्ये. ते साल लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

सोपारा गाळाने भरलं आणि समुद्र दूर गेला. कल्याणची खाडी उथळ झाली. अलेक्झांड्रियाचंही तेच झालं असतं, जवळजवळ झालंच होतं. नाईलचा पश्चिमेकडचा फाटा मध्ययुगात हळूहळू बुजत गेला. सुलतान कालवा उपसायचे तेव्हा शहर तरतरीत व्हायचं. उपसणं थांबलं की दहा-वीस वर्षांत माणसं पांगायची. जुलै 1798 मध्ये नेपोलियन इथे उतरला तेव्हा त्याला दिसलं ते काही हजार वस्तीचं, उद्ध्वस्त भिंतींमधलं एक गाव. सरोवर कोरडं पडत चाललं होतं. 1801 मध्ये इंग्रजांनी फ्रेंचांची कोंडी करण्यासाठी बांध फोडून समुद्राचं पाणी त्या कोरड्या पात्रात सोडलं. कित्येक गावं आणि शेतं खाऱ्या पाण्याखाली गेली. सीझरविरुद्ध वापरलेलं हत्यार अठराशे वर्षांनी पुन्हा बाहेर निघालं, फक्त या वेळी बुडाले ते शेतकरी, ज्यांचं त्या लढाईशी काही देणंघेणं नव्हतं.

शहर पुन्हा उभं राहिलं ते इजिप्तचा सत्ताधीश महंमद अली याच्या महमूदिया कालव्यामुळे. 1817 ते 1820 या काळात गावोगावहून शेतकरी वेठीला धरून आणले आणि साधारण 75 किलोमीटरचा कालवा खणून घेतला. पुरेशी अवजारं नव्हती, अनेकांनी हातांनी माती उपसली. तहान, भूक, रोगराई यांनी हजारो मेले आणि काठाच्या भरावातच पुरले गेले. अलेक्झांड्रियाच्या कुठल्याही स्मारकापुढे डोकं टेकायचं असेल तर ते मी या माणसांसाठी टेकेन. त्यांचं नाव कुठेही नाही. कालवा ऑटोमन सुलतान महमूदच्या नावाचा.

पाणी आलं आणि शहर झपाट्याने वाढलं. शतक संपेपर्यंत वस्ती तीन लाखांवर गेली. कापूस या कालव्याने येऊ लागला. मुंबईची टपालही. 1830 मध्ये 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईहून सुएझला गेली आणि वाफेवरच्या टपालाची वाट खुली झाली. पुढच्या पंचवीसएक वर्षांत इंग्लंडहून मुंबईला येणारी पत्रं आणि माणसं अलेक्झांड्रियात उतरत, महमूदियावरून होडीने नाईल गाठत, कैरोहून वाळवंट ओलांडून सुएझला बोट धरत. कालव्यातल्या डासांच्या आणि रखडपट्टीच्या तक्रारी त्या प्रवाशांनी भरपूर लिहून ठेवल्या. मग कैरोपर्यंत रेल्वे झाली, 1869 मध्ये सुएझ कालवा उघडला, आणि मुंबईची वाट या शहराला वळसा घालून जाऊ लागली. त्याआधी 1861 ते 1865 मध्ये अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापूस महागला, तेव्हा मुंबई आणि अलेक्झांड्रिया ही दोन्ही बंदरं एकाच वेळी एकाच पिकाने वेडी झाली होती.

आता ते साल. 11 जुलै 1882 रोजी इंग्रजी आरमाराने अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या. कायतबेच्या किल्ल्याला भगदाडं पडली, मनशिया चौकाच्या आसपासचा शहराचा गाभा जळाला. अहमद उराबीचं इजिप्ती सैन्य कफ्र अल-दव्वारला मागे सरलं आणि त्याने पहिली गोष्ट केली ती महमूदिया कालव्यात बांध घालण्याची. इंग्रजांच्या ताब्यातल्या शहराचं पिण्याचं पाणी आटू लागलं. त्याच वर्षी सोपाऱ्याला पंडित भगवानलाल इंद्रजी स्तूप खणत होते, आणि एक विसरलेलं बंदर मातीतून वर येत होतं. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण मी त्या वेगळ्या ठेवू शकत नाही.

समुद्रकाठावरचं नवं ग्रंथालय ऑक्टोबर 2002 मध्ये उघडलं. समुद्राकडे कललेली 160 मीटर व्यासाची तबकडी, आणि मागे जगभरच्या 120 लिपींतली अक्षरं कोरलेली राखाडी ग्रॅनाइटची भिंत. आत अकरा टप्प्यांनी उतरत गेलेलं वाचनालय आहे, तिथे दुपारी विद्यार्थ्यांना जागा मिळत नाही इतकी गर्दी. हे मला फार आवडलं. एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने जुन्या ग्रंथालयात बसून अस्वानच्या माध्यान्हीच्या सूर्यावरून पृथ्वीचा परीघ मोजला, आणि आज त्याच गावातली मुलं या नव्या ग्रंथालयात परीक्षेचा अभ्यास करतात. ग्रीको-रोमन संग्रहालय 2005 पासून बंद होतं, ते ऑक्टोबर 2023 मध्ये पुन्हा सुरू झालं, तेही बघावं. मात्र वेळ कमी असेल तर मी ही दोन्ही सोडून शलालात बागेतल्या अल-नबीह टाकीत उतरायला सांगेन.

बागेत वरून काहीच दिसत नाही. पायऱ्यांनी खाली गेलं की एकावर एक तीन मजले खांब. सगळे जुन्या पडलेल्या इमारतींतून उचललेले: इथे ग्रॅनाइटचा, तिथे संगमरवराचा, कुठे वेलबुट्टीचा माथा, कुठे साधा चौकोनी, एकाची उंची कमी पडली म्हणून खाली दुसऱ्याच खांबाचा तुकडा. ग्रीक, रोमन, ख्रिस्ती, सगळ्यांचे दगड कमानींनी एकमेकांना धरून आहेत. मध्ययुगातल्या गवंड्यांनी ते कलाकुसर दाखवायला रचले नव्हते. पाणी साठवायचं होतं. तरीही मी पाहिलेल्या सुंदर वास्तूंमध्ये मी ही टाकी फार वर ठेवते. अशा शेकडो टाक्या एकोणिसाव्या शतकापर्यंत मोजल्या गेल्या होत्या. महमूद अल-फलकी या इजिप्ती खगोलशास्त्रज्ञाने 1860 च्या दशकात जागोजागी खणून प्राचीन शहराचा नकाशा काढला, त्यालाही त्या पावलोपावली भेटत होत्या. नळ आले आणि त्यांची गरज संपली. काही भरून टाकल्या, काहींवर इमारती उठल्या, काही दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांपासून आसरा म्हणून वापरल्या गेल्या.

महमूदियाचंही तेच. शहरातल्या मोठ्या भागात तो अलीकडेच बुजवून, झाकून त्यावर रुंद रस्ता केला आहे. गाड्या सुसाट जातात. मला घेऊन गेलेल्या टॅक्सीवाल्याला रस्ता पसंत होता. "आधी इथे कचरा होता, वास होता, मादाम," तो म्हणाला, आणि त्याचं खोटं नव्हतं. मुंबईत धोबी तलाव, गोवालिया टँक आणि सी. पी. टँक बुजवले तेव्हाही डास आणि रोगराई हीच कारणं होती, आणि तीही खरीच होती. पण पन्नास लाखांहून मोठं झालेलं हे शहर आजही नाईलचंच पाणी पितं. काठावर पुरलेल्या शेतकऱ्यांसाठी त्या रस्त्यावर एखादा दगड असावा, आणि अल-नबीहसारख्या आणखी पाच-सहा टाक्या तरी गाळ काढून, दिवे लावून लोकांसाठी उघडाव्यात, असं मला मनापासून वाटतं. त्या कुठे आहेत हे शोधायला नव्याने उत्खनन करायला नको. जुने नकाशे आहेत, त्यावर त्या दाखवलेल्या आहेत.